जुन्या डब्यांना रंगाआधी छप्पर हवे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

वारसा रेल्वेविषयी, म्हणजे जुन्या गाड्या जपून चालवल्या जाणाऱ्या मार्गांविषयी, वृत्तपत्रांत जे काही छापून येते, त्यात वाफेचे इंजिन ठळकपणे दिसते आणि त्यामागचे डबे छायाचित्राच्या कडेला कापले गेलेले असतात. इंजिनाची ओढ मलाही आहे. परंतु प्रवासी बसतो तो डब्यात, तिकिटाचे उत्पन्न मिळवून देतो तो डबाच, आणि नष्ट होण्याचा धोकाही इंजिनापेक्षा लाकडी डब्यालाच कितीतरी जास्त असतो. उघड्यावर पडलेले इंजिन गंजते, तरी त्याच्या जाड पोलादाचा सांगाडा शिल्लक राहतो. लाकडी डब्याचे तसे नाही. त्यामुळे जुन्या डब्यांच्या पुनरुज्जीवनासाठी निधी गोळा करणाऱ्या संस्थांनी आणि तो देणाऱ्यांनी कामाचा क्रम बदलावा, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

काळजी घेतली तर लाकडी डबा किती टिकतो, याची उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. अशा रीतीने वाचवली गेलेली ती जगातली पहिली रेल्वे. ती सुरू झाली तेव्हाचे, म्हणजे १८६०च्या दशकातले, चारचाकी डबे तिथे अजूनही प्रवासी नेतात. आपल्याकडे दार्जिलिंग (१९९९), निलगिरी (२००५) आणि कालका-शिमला (२००८) या मार्गांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, आणि या मार्गांवरून आजही गाड्या धावतात. अशा ठिकाणी डबा म्हणजे काचेच्या कपाटात जपायची वस्तू नसते. तो माणसांचे वजन पेलत, वळणांवर पिळवटत काम करणारे वाहन असतो, आणि त्याची निगाही त्याच हिशेबाने ठेवावी लागते.

हे डबे नेमके कुठे मरतात, ते पाहण्यासारखे आहे. जुन्या दारांतील काच चामडी पट्ट्याने वर-खाली सरकवण्याची सोय असे. खाली केलेली काच दाराच्या आतील आणि बाहेरील फळ्यांमधल्या पोकळीत उतरते. पावसाचे पाणीही त्याच वाटेने आत जाते. ते निघून जावे म्हणून पोकळीच्या तळाशी छोटी छिद्रे ठेवलेली असतात. धूळ, कोळशाची कणी आणि जुन्या रंगाच्या खपल्या यांनी ती बुजली की पाणी तळपट्टीवर साचून राहते. बाहेरचे व्हार्निश चकचकीत दिसत असताना आतले लाकूड कुजू लागते आणि एके दिवशी दाराचा खालचा सांधा हाताने सुटून येतो. छिद्रातून तार फिरवायला फार वेळ लागत नाही. नवी तळपट्टी घडवून, जुन्या सांध्यात बसवून, लांबी (पुट्टी) भरून आणि व्हार्निशचे थर चढवून ते दार पूर्ववत करायला कुशल सुताराचे कितीतरी दिवस जातात. छताचीही तीच गत. सफेद्याच्या, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगाच्या, थरावर ताणून बसवलेल्या कॅनव्हासला एखादी चीर पडली, तर पाणी थेट आतल्या कमानींपर्यंत पोहोचते.

पोलादी डबे यातून सुटतात, अशी अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात त्यांचा पत्रा आतून गंजतो, आणि बाहेर फोड दिसेपर्यंत आतली पट्टी चाळणी झालेली असते. शिवाय विसाव्या शतकाच्या मध्यात बांधलेल्या अनेक डब्यांत उष्णतारोधक म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस वापरलेले असते. ते काढण्याचे काम प्रशिक्षित माणसांकडूनच करून घ्यावे लागते. तिथे हौशी स्वयंसेवकाने हातोडा उचलू नये.

छपराचे महत्त्व पटण्यासाठी ब्रिटनमधील एक अनुभव पुरेसा आहे. तिथे सेवेतून काढलेल्या अनेक डब्यांची चाके आणि खालचा सांगाडा काढून वरचा भाग राहण्यासाठी किंवा कोठारासाठी विकला गेला. ज्या मालकांनी त्यावर वेगळे छप्पर घालून भोवती घर उभारले, त्यांच्याकडचे काही डबे कित्येक दशकांनी भिंती काढल्यावर आश्चर्य वाटावे इतक्या चांगल्या अवस्थेत सापडले. दुसऱ्या गाडीचा सांगाडा जुळवून त्यांतले काही पुन्हा रुळांवरही आले. ज्यांनी ते राहण्यासाठी घेतले, त्यांना वारशाशी काही देणेघेणे नव्हते. त्यांना फक्त गळके घर नको होते.

याउलट चित्र असे दिसते, की वर्षानुवर्षे खपून डबा तयार होतो, फीत कापली जाते, आणि त्याच रात्री तो उघड्या रुळावर उभा राहतो. पुढच्या काही पावसाळ्यांत ते सगळे काम धुऊन निघते. शेड बांधायला देणगीदार मिळत नाहीत, कारण पत्र्याच्या छपराचे छायाचित्र कोणी काढत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की ज्या डब्यासाठी छपराखालची जागा ठरलेली नाही, त्याचे पुनरुज्जीवन हातीच घेऊ नये. तोवर त्याला ताडपत्रीने झाकावे, पण हवा खेळती ठेवून. घट्ट गुंडाळलेला डबा आतल्या दमटपणानेच कुजतो.

चाकांकडची कामे मी थोडक्यात सांगतो, कारण सुरक्षिततेचे नियम असल्याने तिथे सहसा हयगय होत नाही. आसांची अल्ट्रासॉनिक तपासणी, व्हॅक्यूम ब्रेकच्या नळ्या, कपलिंग, स्प्रिंगा आणि अ‍ॅक्सल बॉक्समधील तेल हे सर्व ठरल्या वेळी पाहिले जाते, कारण हॉट अ‍ॅक्सल झाला, म्हणजे आसाचे टोक घर्षणाने तापले, की गाडी जागीच थांबते. कुजणारी तळपट्टी गाडी थांबवत नाही, म्हणून ती मागे पडते.

आणखी एक गोष्ट नोंदींची. युरोपातील वारसा रेल्वेंच्या महासंघाने स्वीकारलेल्या रीगा सनदेत केलेल्या कामाची नोंद ठेवण्यावर भर आहे. जुना रंग सरसकट घासून काढण्याआधी एका कोपऱ्यात तो थराथराने खरवडला, तर डब्याने कोणकोणत्या काळात कोणते रंग ल्यायले ते कळते. मशीन फिरवल्यावर हा पुरावा कायमचा जातो. बदललेल्या प्रत्येक लाकडावर, न दिसणाऱ्या बाजूला, वर्ष कोरून ठेवावे. पुढच्या सुताराला मूळ काय आणि नंतरचे काय, हे त्यावरून समजेल.

निधीचे आवाहन प्रसिद्ध करताना आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी संबंधित संस्थेला दोन प्रश्न जरूर विचारावेत: काम पूर्ण झाल्यावर हा डबा कुठे उभा राहणार, आणि त्याच्या वार्षिक देखभालीचा खर्च कोणत्या खात्यातून होणार?

आपला,
एक नियमित वाचक