लायब्ररीत संध्याकाळची ड्यूटी करणाऱ्या लेकीस

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "काम काही विशेष नाही आण्णा, आलेली पुस्तकं उचलायची आणि रॅकला लावायची." आवाजात जरा हिरमोड होता तुझ्या. एम.एस्सी.पर्यंत आलेल्या मुलीनं हे उचल-ठेव करायचं का, असं मनात आलं असणार. मला मात्र तू विद्यापीठाच्या ग्रंथालयात संध्याकाळचं काम धरलंस याचा फार आनंद झालाय. तो का झालाय ते फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो.

आपल्या गावच्या वाचनालयात मी इतकी वर्षं बसतो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेलं, 'क' वर्गातलं. कपाटं मोजकी, त्यामुळं कुठलं पुस्तक कुठल्या खणात आहे ते मला न बघता सांगता येतं. तुझ्याकडं तसं नाही. तिथली सगळी पुस्तकं कुणाच्याच डोक्यात मावणार नाहीत. तिथं पुस्तकाचा पत्ता म्हणजे त्याच्या पाठीवरचा नंबर. पुस्तक नंबर सोडून भलतीकडं लागलं की ते गेलं म्हणून समज. कॉम्प्युटरवर 'उपलब्ध' दिसणार, पोरगं रॅकपुढं अर्धा तास उभं राहणार, आणि शेवटी काही न बोलता निघून जाणार. हरवलेल्या पुस्तकाची निदान नोंद तरी होते, दुसरी प्रत मागवता येते. चुकीच्या खणात बसलेलं पुस्तक वर्षानुवर्षं ग्रंथालयातच असतं आणि कुणाला मिळत नाही. म्हणून पुस्तक जागेवर लावणं हेच ग्रंथालयातलं मूळ काम आहे असं मी मानतो. बाकीची सगळी कामं त्याच्यावर उभी आहेत.

आणि यात तुझं गणित कामाला येतं. तुझ्याच विषयाचं कपाट घे. पुस्तकांना नंबर देण्याच्या ड्यूईच्या दशांश पद्धतीत ५१५ म्हणजे गणितातलं विश्लेषण. तिथं ५१५.२४३, ५१५.३५ आणि ५१५.९ अशी तीन पुस्तकं हातात आली, तर घाईत लावणारा माणूस टिंबाच्या पुढचे आकडे पूर्णांकासारखे वाचतो. नऊ लहान, मग पस्तीस, मग दोनशे त्रेचाळीस, म्हणजे बरोबर उलटा क्रम. तू अशी चूक करणार नाहीस. पण तुझ्याबरोबर 'कमवा व शिका' योजनेतली जी इतर मुलं लागली असतील, त्यांना हे कुणी नीट समजावून सांगितलंय का ते बघ. नसेल तर तू सांग. टिंबानंतर एकेक अंक क्रमानं बघत जायचा, एवढं कळलं तरी पुरतं. नंबर सारखे आले की खालची लेखकाच्या आडनावाची अक्षरं बघायची. मराठी साहित्याच्या कपाटात याची फार गरज पडेल. ८९१.४६३ म्हणजे कथा-कादंबऱ्या, आणि तिथं एकाच नंबराखाली ओळीच्या ओळी असतात.

पुस्तक काढताना पाठीच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नकोस, कुणाला ओढूही देऊ नकोस. दोन्ही बाजूंची पुस्तकं जराशी आत ढकलायची, मग मधलं पुस्तक कमरेला धरून बाहेर घ्यायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा नुसत्या डिंकावर चिकटवलेल्या पाठी वाळून तडकतात. मग एकदा ओढलं की पानं हातात. खण गच्च भरू नकोस, शेवटी हात जाईल इतकी जागा ठेव. आणि वाचणाऱ्यांना सांग, वाचून झालेलं पुस्तक टेबलावरच राहू द्या. चांगल्या मनानं परत लावणारी मंडळी सगळ्यात जास्त घोळ करतात.

परीक्षा जवळ आली की आणखी एक प्रकार बघायला मिळेल. एकच प्रत असलेलं पुस्तक दुसऱ्याला मिळू नये म्हणून मुलं ते लपवतात. गणिताचं पुस्तक शेतीच्या कपाटात, नाहीतर सगळ्यात खालच्या खणात मागच्या रांगेला. त्या दिवसांत काम संपायच्या आधी खालचे खण एकदा वाकून बघत जा. लपवणारा सापडला तर त्याच्यावर ओरडू नकोस. त्यालाही ते पुस्तक हवंच असतं, फक्त एकट्याला हवं असतं. ग्रंथपालांना सांगून ते पुस्तक परीक्षेपुरतं तिथंच बसून वाचायला ठेवता येतं का विचार.

तुला रंगनाथनांबद्दल सांगायचं होतं. १२ ऑगस्टला आपल्या वाचनालयात ज्यांच्या फोटोला हार घालतो ते. लहानपणी तू विचारायचीस, हे कोण म्हणून. ते मूळचे गणिताचे, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायचे. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि सुरुवातीला त्यांना तिथं करमेना. परत शिकवायला घ्या म्हणून ते कॉलेजकडं गेले होते. पुढं लंडनला शिकायला गेले, तिथली ग्रंथालयं पाहिली, आणि परत आले ते याच कामाला वाहून घेऊन. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे. दिसायला साधी आहेत. पण गणितवाल्या माणसाची आहेत, त्यातून एकही काढता येत नाही. तू रॅकला पुस्तक बरोबर लावतेस तेव्हा चौथं सूत्र पाळतेस.

दुसऱ्या सूत्राचं काम संध्याकाळी जास्त असतं, आणि तुझी ड्यूटी संध्याकाळची आहे हे मला म्हणूनच आवडलं. बी.एस्सी.ला असताना तू मोहोळहून अप-डाऊन करायचीस. पाच वाजले की एसटीकडं धाव. कॉलेजच्या लायब्ररीत दिवे लागल्यावर कोण बसतं हे तुला कधी बघायलाच मिळालं नाही. आता तू सोलापूरजवळ केगावला, विद्यापीठाच्या हॉस्टेलला आहेस, आणि संध्याकाळी येणाऱ्यांसाठी उभी आहेस. दिवसभर कुठंतरी नोकरी करून येणारा असेल, पीएच.डी.चं काम ओढत नेणारा असेल, आणि तुझ्यासारखीच खेड्यातून आलेली पहिल्या वर्षाची मुलं असतील.

या पहिल्या वर्षाच्या मुलांकडं लक्ष दे. मराठी माध्यमातून आलेलं पोरगं काउंटरपाशी येतं, दोन माणसं बोलत असली की मागं सरकतं, रॅकमधून एक चक्कर मारतं आणि बाहेर पडतं. त्याला पुस्तकाचं नाव अर्धवट माहीत असतं, लेखकाचं नाव सरांनी वर्गात सांगितलेलं तेवढंच कानावर असतं, आणि आपलं इंग्रजी ऐकून कुणी हसेल ही भीती. तो विचारणार नाही. तू खुर्चीतून उठून त्याच्याकडं जा आणि सरळ मराठीत विचार, "कुठला पेपर आहे तुझा?" पुस्तकाचं नाव विचारू नकोस, ते त्याला येत नसतं. पेपर विचारलास की तो बोलायला लागेल. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या मुलीच्या घरी तेलुगू असेल, अक्कलकोटकडच्या मुलाच्या घरी कन्नड, त्यांना तर तीन भाषांतून वाट काढायची असते. त्यांच्यासाठी थोडं थांबत जा.

ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवरच्या यादीत, शोधायला शिकव त्यांना. मराठी पुस्तकांची नावं बहुतेक ठिकाणी रोमन लिपीत भरलेली असतात, आणि भरणारा जसं ऐकतो तसं भरतो. 'वाघमारे' डब्ल्यूनं मिळालं नाही तर व्हीनं टाकून बघायचं. 'श'चा एकदा एस, एकदा एसएच. हे माहीत नसल्यामुळं कितीतरी जण 'पुस्तक नाही' म्हणून परत जातात, आणि पुस्तक त्यांच्या पाठीमागच्या रॅकला असतं.

अजून एक गोष्ट, ही मात्र अगदी कटाक्षानं पाळ. कुणी काय नेलं हे बाहेर कुठंही बोलायचं नाही, मैत्रिणीजवळसुद्धा नाही. आपल्या वाचनालयात एक बाई आल्या होत्या. आधी मासिकं चाळली, सगळे गेल्यावर हळूच विचारलं, पोटगीच्या कायद्याचं काही आहे का. होतं. मी नोंद केली, पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. परत आणून दिलं तेव्हा त्यांनी पानांत खुणेला ठेवलेल्या कागदाच्या पट्ट्या तशाच होत्या. मी त्या काढून टाकल्या आणि पुस्तक जागेवर लावलं. तुझ्या आईलाही मी त्यांचं नाव सांगितलेलं नाही. तुझ्यापुढं कॉम्प्युटरवर अख्ख्या वर्गाच्या नोंदी असतील. कोण स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, कोण आजारावरचं वाचतोय, सगळं दिसेल. ते तुझ्यापुरतं ठेव.

पैशाचं. जे काही महिन्याला मिळेल ते घरी पाठवायचं नाही. आईचंही हेच म्हणणं आहे. मेसचं बिल, झेरॉक्स, आणि एखादं स्वतःच्या मालकीचं पुस्तक, एवढ्यात ते खर्च होऊ दे. हजेरीच्या रजिस्टरवर त्याच दिवशी सही करत जा, मागून एकदम करायला गेलं की तास कमी लागतात. स्वतः कमावून शिकण्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस. कर्मवीर अण्णांनी १९४७ मध्ये साताऱ्याला कॉलेज काढलं तेच या तत्त्वावर, आणि तिथल्या मुलांनी याहून कितीतरी अंगमेहनतीची कामं केली. पण परीक्षेच्या महिन्यात तास कमी करून घे, आणि ते ग्रंथपालांना आधी सांग, आयत्या वेळी नको. तू तिथं गेलीस ती गणितासाठी.

रात्री हॉस्टेलवर जाताना एकटी निघू नकोस. कॅम्पस गावाबाहेर, शेजारून पुण्याचा हायवे. दोघी-तिघी मिळून निघा, आणि खोलीवर पोहोचलीस की आईला मिस्ड कॉल दे, ती तोवर झोपत नाही.

आमच्या वेळी सोलापुरातली कॉलेजंसुद्धा शिवाजी विद्यापीठाला जोडलेली. माझ्या डिग्रीवर कोल्हापूरचं नाव आहे, आणि एका दाखल्यासाठी रात्रभर एसटीत बसून तिकडं जावं लागायचं. विद्यापीठाचं ग्रंथालय आतून कसं असतं हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं, तेही दारातूनच. २००४ मध्ये आपल्या एका जिल्ह्यासाठी वेगळं विद्यापीठ झालं तेव्हा लोक म्हणाले, एवढ्याशा जिल्ह्याला कशाला. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. आज आपली मुलगी त्या ग्रंथालयात आत उभी राहून दुसऱ्याला पुस्तक काढून देते, हे मला फार मोठं वाटतं. अहिल्यादेवींचं नाव लागलेल्या विद्यापीठात तर जास्तच.

आता माझं एक काम. आठवीतला एक मुलगा रोज वाचनालयात येतोय. त्याला १९३० च्या मे महिन्यातल्या सोलापूरच्या मार्शल लॉबद्दल लिहायचंय. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला फाशी गेलेल्या चौघांची नावं त्याला पाठ आहेत, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. पण त्या दिवसांत शहरात नेमकं काय झालं, गिरणी कामगार कसे उतरले, हे त्याला हवंय, आणि माझ्याकडं त्यावर एक पातळ पुस्तिका आहे तेवढीच. तुमच्याकडं संदर्भ विभागात जिल्ह्याचं गॅझेटियर असेल. १८८४ चं जुनं काढू नकोस, त्यात हे कुठून येणार. १९७७ चं बघ, इतिहासाचं प्रकरण. संदर्भातलं पुस्तक बाहेर देत नाहीत, तेव्हा ड्यूटी संपल्यावर तिथंच बसून वाच, रीतसर विचारून लागतील त्या पानांची झेरॉक्स काढ, आणि पहिल्या पानावर ग्रंथाचं नाव, साल आणि पान क्रमांक लिही. त्या मुलाला ते लिहायची सवय आत्ताच लागलेली बरी. शनिवारी येशील तेव्हा घेऊन ये. जमणार नसेल तर तसं कळव, मी दुसरीकडं बघतो, तो मुलगा सोमवारी पुन्हा विचारणार आहे.

आईनं शेंगाची चटणी करून ठेवली आहे. येताना रिकामा डबा आण.

तुझे,
आण्णा