पोर्ट ऑगस्टाच्या मेकॅनिककाकांना

काका,

तोंडावर मी तुम्हाला नावाने हाक मारली, तुमच्या ऑस्ट्रेलियातली रीतच तशी. मराठीत लिहिताना मात्र माझ्याच्याने ते होत नाही.

वाटेत टायर गेला, तरी त्या कच्च्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, मार्लाला, पोचल्यावर तुम्हाला फोन केला होता. तेव्हा आभार मानायचे राहूनच गेले, कारण तुम्ही बोलूच दिलं नाहीत. कुठलं चाक, टायर बाजूने फाटला की खालून, हवा किती ठेवली होती, एवढंच विचारत राहिलात. म्हणून आता शांतपणे लिहिते आहे. लेक तुम्हाला इंग्रजीत करून पाठवेल.

तुमच्याकडे येण्याआधी गाडी शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमधून 'आउटबॅकसाठी', म्हणजे आतल्या ओसाड मुलखासाठी, 'तयार' होऊन आली होती. तसं बिलावरच छापलं होतं. तिथला माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत आमच्या ह्यांच्याशी बोलत होता. ह्यांची मणक्याची गादी सरकलेली, लांबचं ड्रायव्हिंग बंद, हे मी त्याला सांगितलं. तरी प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर त्याने ह्यांच्याकडे बघून द्यायचं! आमचे हे बिचारे दर वेळी मान माझ्याकडे वळवत. त्याने सामान मात्र भरपूर विकलं. टपावर रॅक, रॅकवर पेट्या, पुढे हातभर लांब दिव्यांची पट्टी. आउटबॅकमध्ये अंधार पडल्यावर गाडी चालवायचीच नसते, कांगारू आणि गुरं रस्त्यावर येतात, हे तिथल्या कोणत्याही पंपावर कळतं. मग एवढ्या उजेडाचं आम्ही करायचं काय होतं? गाडीखाली मात्र कोणी वाकून पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

रॅक करकरायला लागला म्हणून तुमच्या दारात थांबलो. तुम्ही आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलंत आणि पहिला प्रश्न विचारलात, "चालवणार कोण?" मी म्हटलं, "मी." त्यानंतर तुम्ही सगळं माझ्याशीच बोललात. ह्यांना आणि सासूबाईंना खुर्च्या दिल्यात आणि विसरून गेलात.

बाकीच्या कामाची जंत्री लिहीत बसत नाही. रेडिएटरचा होज फुगला होता, बॅटरीची पट्टी ढिली होती. पुढचा मारी ते मार्लाचा रस्ता सगळा पन्हळी पत्र्यासारखा, त्यावर ताशी साठने गेलं तरी जे ढिलं आहे ते निखळून पडणार, म्हणालात. स्टेपनीवरचे चार आकडे मला वाचायला लावलेत: ३१०९. म्हणजे २००९ सालचा एकतिसावा आठवडा. गाडीबरोबर आलेली स्टेपनी कोणी कधी बदललीच नव्हती. नक्षी अगदी कोरी करकरीत आणि रबर वाळून चिरलेलं. टपावरच्या दोन पेट्या उतरवून तुम्ही तुमच्या शेडमध्ये ठेवून घेतल्यात, "परत येताना न्या" म्हणून. नवे टायर कोणते घ्यायचे तेही तुम्हीच फोन करून ठरवलंत.

पण मला सांगायचंय ते नटांचं.

काम संपलं असं मला वाटलं, तेव्हा तुम्ही गाडीतलाच पाना काढून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, एक चाक खोला. मी पाना लावला, ओढला, शेवटी त्यावर उभी राहिले. नट जागचा हलेना. आमचे हे खुर्चीतून अर्धे उठले. तुम्ही त्यांना हातानेच बसवलंत. "हे हवेवर चालणाऱ्या एअर गनने आवळलेत," तुम्ही म्हणालात, "आणि तिथे गन नसणार."

मग तुम्ही चारही चाकांचे, सहा-सहा म्हणजे चोवीस नट, लांब दांडा लावून सैल केलेत. तारेच्या ब्रशने आटे साफ केलेत. टॉर्क रेंचने मोजून पुन्हा आवळलेत, हवे तेवढेच. आणि पाना परत माझ्याकडे. प्रत्येक चाकाचा निदान एक नट मी माझ्या वजनाने, माझ्या हाताने खोलून दाखवायचा. दुसऱ्या चाकाला पाना निसटला, बोटं सोलली. तुम्ही खिशात हात घालून उभे होतात. ते हात खिशातून बाहेर आले नाहीत, काका. आजवर मी काही खोलायला, उचलायला, ओढायला गेले की कोणी ना कोणी "द्या इकडे" म्हणून हातातली वस्तू घेतलेली आहे, आणि तेही प्रेमानेच. तुम्ही पाना घेतला नाहीत. वाट पाहिलीत.

टायर गेला तो विल्यम क्रीकच्या पुढे, अल्जेबकिनाचा जुना रेल्वेपूल यायच्या बराच अलीकडे. दोन्ही बाजूंना लालकाळे धारदार दगड, मोबाईलला रेंज नाही, झाड नाही. नट खोलले. सहाच्या सहा. सासूबाई सावली म्हणून छत्री धरून माझ्या डोक्याशी उभ्या होत्या आणि ऑगस्टची थंडी असूनही मला दरदरून घाम फुटला होता. मारी ते मार्ला सहाशेवर किलोमीटर, मध्ये पेट्रोल-डिझेल मिळायच्या जागा दोनच, आणि आम्ही बरोब्बर मधोमध. तो नट शहरातल्यासारखाच आवळलेला असता तर काय, हा विचार मला अजून रात्री येतो.

चाक चढवून होतंय तोच एक जुनी लँड क्रूझर थांबली. त्यांनी पाणी आहे का विचारलं, नट एकदा स्वतः तपासले, पन्नास किलोमीटरवर पुन्हा आवळा म्हणाले आणि गेले. नावही सांगितलं नाही. त्या रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, ते नुसतं हाय-हॅलो नसावं. तुला पाहिलंय, असं सांगणं असावं. १८६६च्या सुमारास कराचीहून उंट आणि उंटवाले तुमच्याच बंदरात उतरले, तेव्हा कराची आमच्या मुंबई इलाख्यात होतं. रेल्वे येण्याआधी त्या मुलखाचं पीठ, लोकर, तारायंत्राचं सामान त्यांनी वाहिलं. मारीला त्यांची मशीद होती. सासूबाईंना हे वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "उंटाचा पट्टा ढिला राहिला तर तिथेही हेच." मला वाटतं निघणाऱ्याचा पट्टा ओढून बघणारी माणसं तेव्हाही असणार. ती जाहिरात करत नाहीत, म्हणून सापडायला वेळ लागतो.

त्या वर्कशॉपकडून परवा ईमेल आली: आमच्या सेवेला पाच तारे द्या. द्यावेत का? तुमच्या दुकानाला तर साधा बोर्डही धड नाही.

पेट्या अजून तुमच्याच शेडमध्ये आहेत, आम्ही दुसऱ्या वाटेने परतलो. पुढच्या महिन्यात न्यायला येते. येताना सासूबाईंचा चिवडा आणि बेसनाचे लाडू आणते, लाडवात तूप भरपूर आहे, डॉक्टरांना सांगू नका. आणि मागच्या उजव्या शॉक ॲब्सॉर्बरला तेल सुटल्यासारखं दिसतंय. मीच खाली झोपून पाहिलं. तेवढं बघाल का?