आज पाणी कुठवर आलंय, मावशी?

ताई,

नमस्कार. तुमचं नाव इथे लिहीत नाही. शेवटच्या दिवशी आईने फोटोचा हट्ट धरला तेव्हा तुम्ही ‘मावशी, फोटो नको, तब्येत कळवत राहा’ म्हणालात. पण हे पत्र वाचलंत की कुणाचं ते ओळखालच. निफाडकडची, डोक्यावरचा पदर न ढळू देणारी, डाव्या स्तनातली कर्करोगाची गाठ काढल्यावर तुमच्याकडे शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यायला आलेली बाई आणि तिच्यामागे फाइल सांभाळत धावणारी मी.

मार्किंगच्या, म्हणजे शेकाची जागा आखून घेण्याच्या, दिवशी आईला उलटी झाली होती. सीटी स्कॅन काढून झाला, तुम्ही अंगावर खुणा करून दिल्या आणि ती बाहेर बाकावर येऊन बसली, तोच झालं. तिची खात्रीच पटली, ‘शेकाने झालं. पहिल्याच दिवशी हे, तर पुढं काय?’ तुम्ही बाहेर आलात, तिच्या पायाशी उकिडव्या बसलात आणि म्हणालात, ‘मावशी, आज शेक दिलाच नाही. आज नुसतं माप घेतलं. ही उलटी तुमची तुम्ही केलीय.’ आई क्षणभर गप्प, मग पदर तोंडाला लावून हसली. आधी जिथे दाखवलं होतं तिथे तिच्या प्रत्येक शंकेला ‘घाबरण्यासारखं काही नाही’ एवढंच उत्तर मिळायचं. म्हणून ती शंका विचारायचीच थांबली होती. तुमच्यापुढे मात्र तिचा बांध फुटला.

खरी शंका कांद्याची होती. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं ‘कृषक’ केंद्र आहे, 2002 पासूनचं. तिथे कांद्याला किरणं देतात, मग त्याला कोंब येत नाही, हे आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक. आईचा हिशेब सरळ होता : ज्या किरणांनी कांदा कायमचा मुका होतो, ती माणसाला कशी मानवतील? आणि अंगात राहिली तर नातीला मांडीवर कसं घ्यायचं? तिने त्या आठवड्यात माझ्या चार वर्षांच्या मुलीला जवळ येऊ दिलं नव्हतं. मुलगी दारातून ‘आजी’ म्हणून हाक मारायची आणि आई भिंतीकडे तोंड करून पडायची.

तुम्ही कांद्यावरूनच उत्तर दिलंत. कांद्याला साधारण 60 ते 90 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप) देतात, तेही एका दमात. मावशींना 40 ग्रे, 15 हप्त्यांत. मधल्या वेळात चांगल्या पेशी स्वतःची डागडुजी करून घेतात. गाठीच्या जागी एखादा कोंब चुकून उरला असेल, तोच मारायचाय. किरणं दिलेला कांदा खाल्ला म्हणून कुणाच्या पोटात किरणं जात नाहीत, आणि हे मशिन तर विजेवरचं. बटण बंद, किरणं बंद. ‘आज घरी जाऊन नातीला घ्या,’ असं तुम्ही म्हणालात. तिने घेतलं. त्या रात्री ती किती दिवसांनी घोरत झोपली, हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

तरी भीती संपली नव्हती, आणि ती नेमकी श्वासात शिरली. डाव्या बाजूचा शेक असला की छाती भरून श्वास धरायला लावतात. फुप्फुस फुगतं, हृदय छातीच्या भिंतीपासून जरा दूर सरकतं आणि किरणांच्या वाटेतून निसटतं. हे काही उगाच नाही. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या बायकांवरच्या 2013 सालच्या अभ्यासात हृदयाला बसलेल्या सरासरी दर एका ग्रेमागे मोठ्या हृदयविकाराचं प्रमाण सुमारे 7.4 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. म्हणजे श्वास नीट धरला तर हृदय वाचतं. आणि घाबरलेल्या माणसाला नेमका श्वासच धरता येत नाही! सरावात आई आठ सेकंदांत धापा टाकायला लागली, हवे होते वीसेक सेकंद.

‘मावशी, पोहता येतं?’ तुम्ही विचारलंत.

‘विहिरीत शिकले. पाठीला डबा बांधून.’

‘मग बुडी मारा.’

बस्स. त्यानंतर रोज तुमचा आवाज बाहेर मॉनिटरपाशी उभं राहून ऐकायची मी : ‘मावशी, बुडी… धरा, धरा… या वर.’ पडद्यावरची तिच्या श्वासाची रेघ वर चढून ठरवून दिलेल्या पट्ट्यात थांबायची. तिकडे थांबली की इकडे किरणं सुरू. मनातल्या धाकधुकीचा शरीराला बसणाऱ्या डोसाशी इतका सरळ संबंध असतो, हे त्या रेघेने मला दाखवलं.

आणि नाशिकच्या गोदापात्रातला तो दुतोंड्या मारुती, ज्याच्यावरून पुराचं पाणी मोजतात! गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं, गोदेला पूर, रस्ते तुंबलेले, आम्ही तासभर उशिरा आणि भिजून पोहोचलो. आईचे हात थरथरत होते. तुम्ही विचारलंत, ‘आज पाणी कुठवर आलंय, मावशी? मारुतीच्या पायाशी, कमरेला, की गळ्याशी?’ मला वाटलं, पुराचं विचारताय. आईला बरोबर कळलं. ‘डोक्यावरून गेलंय,’ ती म्हणाली. ‘मग उतरू दे थोडं,’ म्हणत तुम्ही तिला बसवून ठेवलंत, गरम पाणी दिलंत. पुढे रोज हाच प्रश्न. गळ्याच्या वर असेल तर टेबलावर जायचं नाही. पुढे कधीतरी वाचलं की पेशंटचा ताण 0 ते 10 मध्ये विचारून नोंदवायची रीत जगभर आहे. पण नाशिकच्या माणसाला पुराची उंची मारुतीवरूनच कळते, त्याला आकडे कशाला?

शेक संपल्यावर मी जरा वाचत बसले, सवयच आहे. ब्राझीलमधल्या गोयानियात 1987 साली भंगारवाल्यांच्या हाती सीझियम या किरणोत्सर्गी पदार्थाचा स्रोत लागला. चार जण दगावले. लाखाहून जास्त लोक तपासायला आले. त्यातल्या पहिल्या 60,000 मध्ये सुमारे 5,000 जणांना उलट्या, जुलाब, अंगावर चट्टे, म्हणजे किरणांच्या आजारासारखीच लक्षणं होती. त्यांच्यातल्या एकालाही किरणोत्सर्गाची बाधा झालेली नव्हती. वाचताना मला तो बाक आठवला आणि आईची उलटी. नाटक नव्हतं ते. शरीर खरंच तसं वागतं.

ताणाने जखमही उशिरा भरते. 1995 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या बायकांची मुद्दाम केलेली छोटीशी जखम इतरांपेक्षा सरासरी नऊ दिवस उशिरा भरली. (हे वाचून मी आधी माझ्या स्वतःच्या न भरणाऱ्या तोंडातल्या फोडाकडे पाहिलं.) 2012 सालच्या उंदरांवरच्या प्रयोगात रोज कोंडून ठेवलेल्या, किरणं दिलेल्या उंदरांना गाठी जास्त झाल्या. कारण असं सापडलं की ताणातली संप्रेरकं पेशींची राखण करणाऱ्या पी53 या प्रथिनाला ढिलं पाडतात. पण ते उंदीर मुळातच त्या प्रथिनात अधू होते. जपानमधल्या दुसऱ्या प्रयोगात किरणांनी रक्ताला होणाऱ्या इजेत ताणामुळे फारसा फरक पडलाच नाही.

हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडच्या एका नातेवाइकाने आईच्या तोंडावर सांगितलं होतं, ‘तू फार टेन्शन घेतेस, म्हणून झालं हे.’ एक तर आजार, वर त्याचा ठपकाही तिच्यावरच. त्यानंतर ती घाबरायलाही घाबरायची. तुम्ही पंधरा दिवसांत एकदाही ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणाला नाहीत. पाणी किती आहे ते विचारलंत आणि उतरेपर्यंत थांबलात, बाहेर रांग असताना. त्या रांगेत आमच्यामुळे खोळंबलेल्यांचेही आभार मानायला हवेत, खरं तर.

आईची त्वचा काखेजवळ काळवंडली होती, ती आता निवळलीय. छाटणीच्या वेळी ती मळ्यात जाऊन मजुरांवर ओरडून आली. तिने शेवटच्या दिवशी दिलेली कांद्यांची पिशवी तुम्ही घेत नव्हतात, तेव्हा ती म्हणाली होती, ‘घे पोरी, आमच्या कांदाचाळीतले आहेत, शेक न दिलेले.’ तिचा निरोप आहे : एव्हाना कोंब आले असतील, तर फेकू नका. कुंडीत लावा, पात येईल. डाळीचं पीठ पेरून भाजी करा.

तुमची,
मावशींची मुलगी