पावणेसात रत्तल मोड

बंड्या,

तुला मंगळूरला जाऊन दोन वर्षं झाली आणि मी पत्र आत्ता लिहितोय, घाल शिव्या. झालं काय, आईने आजीचा चेपलेला पितळी हंडा मोडीत घातला, दुकानदाराने घट म्हणून बरंच वजन कापलं आणि ती दोन दिवस धुसफुसत होती. तेव्हा मला तुमच्या मंगळूरचा बेन यिजू आठवला.

अब्राहम बेन यिजू, ट्युनिशियाकडचा ज्यू व्यापारी, 1132 ते 1149 च्या दरम्यान बरीच वर्षं तिथे होता, मिरी, सुपारी, लोखंड येमेनच्या एडन बंदराला पाठवायचा आणि वर पितळी भांड्यांचा कारखाना. एडनचा एक दोस्त त्याला लिहितो की फुटकी झारी, खोलगट घंगाळं आणि एक परात, मिळून पावणेसात रत्तल पाठवतोय, धातू चांगलाय, ह्यातूनच त्याच मापाची झारी करून दे आणि वजन बरोब्बर पाच रत्तल भरलं पाहिजे! अख्खा समुद्र मध्ये आणि हिशोब आईसारखाच. रत्तल बघ ना, वजनाचं जुनं माप, आजीच्या तोंडचा शब्द, मूळ अरबी.

सगळा धंदा पत्रांवर आणि भरवशावर चालायचा. वारा फिरेल तेव्हाच जहाज सुटणार, त्यामुळे एकदा पत्र गेलं की उत्तराला महिनोन्महिने. एकदा त्याचा माल असलेलं जहाज तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीजवळ फुटलं, मिरी सगळी गेली, लोखंड मात्र एडनच्या पाणबुड्यांनी बुड्या मारून निम्मंअर्धं वर काढलं, आणि हे सगळं त्याला पत्रातून कळलं, बिचारा काय करणार. बामा नावाचा त्याचा गुलाम माल घेऊन एडनला जायचा, तिकडचे व्यापारी पत्राच्या शेवटी 'भाऊ बामा'ला सलाम कळवायचे, गुलामाला हां! हे मला भारी वाटतं.

कागद मात्र इकडे चांगला मिळायचा नाही, मग दोस्त साखर, बेदाण्यांसोबत कागदही भेट पाठवायचे आणि हा पठ्ठ्या आलेल्या पत्रांच्या पाठीवरच हिशोब, मसुदे खरडायचा. देवाचं नाव असलेला कागद टाकायचा नाही अशी ज्यूंची रीत, म्हणून कैरोच्या जुन्या सिनेगॉगच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळाच्या, एका खोलीत असले कागद साठत गेले, त्यात ह्याचेही. 1897 च्या सुमारास त्यातला बराच ढीग इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेला, म्हणून आपल्याला झारीचं वजन माहितीये. आपले व्हॉट्सॅप कोण जपणारे!

तर उत्तर कागदावरच टाक. आणि हो, आई विचारतेय, तिकडे पितळेच्या मोडीला काय भाव आहे?

तुझाच