तो डाग नव्हे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे छायाचित्र पोहोचले. खडकांवरचा तो काळा पट्टा जहाजातून सांडलेल्या तेलाचा असावा, असे तू हळहळून लिहिले आहेस. पण तो डाग नव्हे. हायड्रोपंक्टेरिया माउरा नावाचे ते सजीव शैवाक (लायकेन) आहे. इंग्रजीतही त्याला डांबराचेच नाव मिळाले आहे, तेव्हा तुझा समज अगदी स्वाभाविक होता.

पुन्हा गेलास तर त्यावर नख लावून पाहा. डांबर खरवडले जाते. हे मात्र खडकाला इतके घट्ट धरून असते की दगड फोडल्याशिवाय त्याचा नमुनाही धड घेता येत नाही. भिंगातून पाहिलेस तर बारीक भेगांनी तुकडे पडलेला पातळ थर दिसेल आणि त्यावर इवले उंचवटे दिसतील. त्यांच्याच तोंडांतून बीजाणू बाहेर पडतात. हा सारा संसार कवक (बुरशी) आणि शैवल (शेवाळ) यांचा मिळून आहे: घर कवकाचे, अन्न शैवलाचे. शैवाक म्हणजे असे दोन जीवांचे एकत्र राहणे, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकात मांडले, तेव्हा अनेक जाणकारांनी ते मानायलाच नकार दिला होता.

मला सर्वांत ओढ आहे ती त्या पट्ट्याच्या जागेची. भरतीच्या पाण्याची मजल जिथे संपते आणि तुषारांचे राज्य सुरू होते, नेमक्या त्या उंचीवर तो आडवा पसरतो. त्याच्या वर नारिंगी शैवाके आणि त्यांच्याही वर करडी, असे थर लागतात. शांत खाडीत तो अरुंद असतो, पण लाटा थेट आदळतात त्या कड्यांवर तुषार उंच उडत असल्यामुळे तोही रुंदावत वर चढतो, म्हणजे वर्षानुवर्षांच्या लाटांचा जोर तिथे खडकावरच उमटलेला असतो.

१९६७ मध्ये टोरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज इंग्लंडमधील कॉर्नवॉलजवळ फुटले, तेव्हा तेल घालवण्यासाठी फवारलेल्या रसायनांनी किनाऱ्यावरच्या जीवांची तेलापेक्षाही अधिक हानी केली. म्हणून कळकळीने सांगतो, तिथे कोणी हा पट्टा घासून काढायची भाषा करू लागले, तर त्यांना आधी हातात भिंग दे.

तुझा,
माधव