'गरमागरम वाढा' याच्या पुढचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या पाककृती मी कापून वहीत चिकटवतो. मागे एकदा कमी खर्चातल्या बीफच्या खिम्याच्या स्ट्यूची कृती आली होती. कृती चांगली होती. फक्त ती संपली 'गरमागरम वाढा' या दोन शब्दांवर. माझी तक्रार त्या दोन शब्दांबद्दल आहे, म्हणून हे पत्र.

हा स्ट्यू मी अकरा वर्षं करतोय. आम्ही पाच जण: बायको, दोन मुलं, माझी आत्या आणि मी. बायकोची आणि माझी कामाची पाळी जुळत नाही, त्यामुळे रविवारी एक मोठं पातेलं शिजवायचं आणि ते बुधवारपर्यंत पुरवायचं, असं आमचं ठरलेलं आहे. कमी पैशांत पोट भरायचं असेल तर बहुतेक घरांत असंच चालतं. स्वस्त स्वयंपाक म्हणजे एकदा पेटवलेल्या गॅसवर तीन दिवसांचं जेवण. पण 'वाढा' म्हटल्यावर कृती संपते तेव्हा पातेलं अजून निम्मं भरलेलं असतं आणि त्या निम्म्याचं काय करायचं हे कुणी सांगत नाही.

आधी कृतीबद्दल बोलतो, कारण तिथेही दोन-तीन गोष्टी निसटल्या होत्या.

खिमाच का, तर आमच्या घरात त्याला दोन कारणं आहेत. आत्याला कवळी आहे, मांसाचे तुकडे तिला चावत नाहीत. दुसरं कारण गॅसचं. मानेचं किंवा खांद्याचं मांस तुकड्यांत शिजवायचं तर त्यातल्या कोलॅजन नावाच्या चिवट धाग्यांचं मऊ जिलेटिन व्हायला अडीच-तीन तास मंद आच लागते. खिम्यात ते धागे यंत्राने आधीच आखूड कापलेले असतात, त्यामुळे पाऊण तासात काम होतं. चव मात्र त्याच भागांची मिळते, कारण जास्त वापरात असलेल्या स्नायूंना चव जास्त असते. फार कमी चरबीचा महाग खिमा इथे घेऊ नये. शंभरात वीस भाग चरबी असलेला घ्यावा, त्याच चरबीत पुढचं सगळं परतता येतं.

माझं प्रमाण असं: अर्धा किलो खिमा, २०० ग्रॅम अख्खे मसूर (तासभर भिजवून), तीन मोठे कांदे, तीन गाजरं, चार बटाटे, पाव कोबी, पाच-सहा लसूण पाकळ्या, दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट, दोन तमालपत्रं, मिरी आणि दीड लिटर पाणी. एवढ्यात दहा मोठे वाडगे होतात. मसूर केवळ खर्च वाचवायला नाहीत. अर्धा किलो खिम्यातून साधारण ८५ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि २०० ग्रॅम मसुरातून जवळजवळ ५०. शिवाय डाळी-कडधान्यांतलं लोह शरीरात सहज मुरत नाही, ते सोबत मांस असलं की जास्त मुरतं. धाकट्या मुलीचं हिमोग्लोबिन कमी निघालं होतं तेव्हा हे मला कळलं आणि तेव्हापासून मसुराशिवाय पातेलं चढलेलं नाही.

आता परतण्याबद्दल. आपल्या कृतीत 'खिमा घालून परता' एवढंच होतं. सगळा स्ट्यू या एका वाक्यावर उभा असतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अर्धा किलो खिमा एकदम पातेल्यात टाकला की त्याला पाणी सुटतं. जोवर ते पाणी आहे तोवर तळाचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही आणि खिमा भाजला न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतो. राखाडी होतो, त्याला वास येत नाही. मांसाचा तो खमंग तपकिरी रंग आणि वास यायला साधारण १४० अंशांच्या वरची उष्णता लागते. प्रथिनं आणि साखर यांच्यातली ही क्रिया लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. मी करतो ते इतकंच: खिमा कागदाने टिपून कोरडा करायचा, जाड बुडाचं पातेलं चांगलं तापवायचं आणि खिमा दोन खेपांत घालायचा. घातला की उलथन्याने दाबून भाकरीसारखा पसरायचा आणि चार-पाच मिनिटं हात लावायचा नाही. हात न लावणं सगळ्यात अवघड. कानाने कळतं: पाणी असेपर्यंत खदखद ऐकू येते, पाणी आटलं की चरचर सुरू होते. चरचर सुरू झाल्यावर आणखी दोन मिनिटं, मग उलटायचा आणि मोडायचा. मीठ या वेळी घालायचं नाही. कच्च्या खिम्याला मीठ चोळलं की त्यातली प्रथिनं विरघळून एकमेकांना धरतात आणि खिमा मोकळा न राहता रबरासारखा होतो.

भाजल्याने मांसातला रस आत कोंडला जातो असं अनेक जण सांगतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकात तसं मानलं होतं, पण ते चुकीचं ठरलं. भाजायचं ते चवीसाठी. ती चव पातेल्याच्या तळाला चिकटलेली असते. खिमा बाजूला काढून, दोन चमचे चरबी ठेवून, उरलेली डब्यात ओतून घ्यावी (मोरीत कधीही ओतू नये, गार झाल्यावर ती नळीत गोठते). त्या चरबीत कांदा, मग लसूण, मग टोमॅटो पेस्ट घालायची. पेस्टचा रंग लाल भडक असतो, तो विटेसारखा होईपर्यंत परतायचं. मग अर्धी वाटी पाणी घालून तळ लाकडी डावाने खरवडायचा. ते तपकिरी पाणी म्हणजे तुमचा रस्सा. विकतच्या चवीच्या वड्या मी त्यानंतर कधी आणल्या नाहीत.

आपल्या कृतीत अर्धा किलो चिरलेले टोमॅटो सुरुवातीलाच घालायला सांगितले होते. ती चूक मी पहिलं वर्षभर केली. तासभर शिजवूनही बटाटे मधोमध करकरीत राहायचे आणि मी बटाट्यांना दोष द्यायचो. आंबटपणात भाज्यांना घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही, म्हणून त्या कडक राहतात. दोन चमचे पेस्टने फारसं बिघडत नाही, पण टोमॅटो असतील तर बटाटे आणि मसूर मऊ झाल्यावरच घालावेत. खिमा, मसूर, गाजर, पाणी घालून वीस मिनिटं मंद आचेवर, मग बटाटे आणि कोबी, आणखी पंचवीस मिनिटं. उकळी खळखळू द्यायची नाही, कडेला एखाददुसरा बुडबुडा दिसला की पुरे. शेवटी मीठ, चमचाभर व्हिनेगर आणि चार-पाच बटाट्याच्या फोडी डावाने कडेला चिरडायच्या. रस्सा आपोआप दाट होतो, पीठ लावावं लागत नाही.

मसुराऐवजी कुणी राजमा घालणार असेल तर एक इशारा द्यायला हवा. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. तो रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय स्ट्यूत घालू नये. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा टाकून दिवसभर सोडून देणं तर मुळीच नको, कारण ८० अंशांच्या आसपास ते विष कमी न होता वाढू शकतं. डब्यातला राजमा शिजवलेलाच असतो, त्याला ही भीती नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. चार वर्षांपूर्वी एका रविवारी स्ट्यू रात्री नऊला तयार झाला. आम्ही जेवलो, निम्मं पातेलं उरलं. गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, हे लहानपणापासून मनावर बिंबलेलं. झाकण लावून पातेलं ओट्यावरच ठेवलं आणि झोपलो. सकाळी हात लावला तर ते अजून कोमट होतं. मला उलट बरं वाटलं, चांगलं राहिलंय म्हणून. दुपारी कामावर जायची घाई होती, वरवर गरम केला, उकळीही येऊ दिली नाही, आणि सगळ्यांना वाढला. वासात, चवीत काहीही वेगळं नव्हतं.

मध्यरात्रीपासून घरात सगळ्यांच्या पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले. आम्ही चौघं दुसऱ्या दिवशी सावरलो. आत्या तेव्हा ७८ वर्षांची होती. तिला दोन दिवस रुग्णालयात सलाइनवर ठेवावं लागलं. नमुना तपासला गेला नाही, पण डॉक्टरांनी काय खाल्लं, कधी शिजवलं, कुठे ठेवलं हे विचारलं आणि ऐकून मान हलवली. त्यांनी ज्या जंतूचा संशय सांगितला त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. मोठ्या पातेल्यातल्या मांसाच्या रश्शाशी त्याचं नाव नेहमी जोडलं जातं, हे मी नंतर वाचलं.

हा जंतू उकळीने पुरता मरत नाही. त्याची बीजं कवचात तग धरतात. रस्सा निवत ४५ अंशांच्या आसपास आला की ती उगवतात आणि अनुकूल परिस्थितीत दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतात. दाट स्ट्यूच्या तळाशी हवा नसते, ते या जंतूला सोयीचंच. शिवाय खोल पातेल्याचा मध्य निवायला कितीतरी तास लागतात. म्हणजे सकाळी ज्या कोमटपणाने मला बरं वाटलं, तोच रात्रभर घात करत होता.

तेव्हापासून माझी रीत बदलली. जेवण झाल्याबरोबर उरलेला स्ट्यू पसरट ताटल्यांमध्ये ओततो, दोन इंचांपेक्षा जास्त थर नाही. ताटल्या गार पाण्याने भरलेल्या सिंकमध्ये ठेवतो, मध्ये एकदा पाणी बदलतो, अधूनमधून ढवळतो. वाफ गेली की झाकून फ्रिजमध्ये. आच बंद केल्यापासून फ्रिजपर्यंत दोन तासांच्या आत. तीन-चार दिवसांत संपवायचा, त्यापुढचा हवा असेल तर फ्रीझरमध्ये, पण तो भाग बटाटे घालण्याआधीच काढून घ्यावा, गोठवलेला बटाटा रवाळ होतो. पुन्हा गरम करताना लागेल तेवढाच घ्यायचा आणि मधोमध ७४ अंश होईपर्यंत तापवायचा. मी सुईचा थर्मामीटर घेतला आहे. तो नसेल तर ढवळत ढवळत सगळीकडून उकळी येऊ द्यावी. कच्चा खिमा शिजवतानाही थर्मामीटर उपयोगी पडतो: अख्ख्या मांसाचे जंतू पृष्ठभागावर असतात, दळताना ते आतपर्यंत मिसळतात, म्हणून खिमा ७१ अंशांपर्यंत शिजायलाच हवा, आतून गुलाबी ठेवायचा नाही.

आणि दुसऱ्या दिवशीच्या स्ट्यूला 'उरलंसुरलं' म्हणणं मला पटत नाही. रात्रीतून मसूर रस्सा पितात, बटाट्याच्या पिठाने तो आणखी दाटतो, मिरी आणि तमालपत्र आतपर्यंत मुरतं. मुलं रविवारपेक्षा सोमवारच्या वाडग्याची जास्त वाट पाहतात. मोलाचं जेवण आहे ते, ते नीट राखायला हवं.

माझी विनंती छोटी आहे. मोठ्या पातेल्याची कोणतीही कृती छापाल तेव्हा 'गरमागरम वाढा' याच्या खाली तीन ओळी वाढवा: किती वेळात निववायचं, किती दिवस ठेवायचं, पुन्हा किती तापवायचं. जागेची अडचण असेल तर सजावटीची ओळ काढा. कोथिंबीर कुठे भुरभुरायची हे वाचणाऱ्याला सुचेल, हे सुचणार नाही. मला सुचलं नव्हतं.

आत्या आता ८२ वर्षांची आहे. सोमवारी वाडगा पुढे ठेवला की चमचा हातात घेण्याआधी ती अजून विचारते, "काल रात्री ताटल्यांत ओतला होतास ना रे?"

आपला,
एक नियमित वाचक