मार्चमध्येच या

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, पुढच्या वर्षी मेमध्ये यायचं म्हणताय. गोंदियाचा उन्हाळा चुकवायचा, हे कळतं. तरी माझं ऐका, तिकिटं मार्चची काढा.

इथे अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाहून पश्चिमेला तीन तासांवर कार्नी गाव आहे. सपाट गवताळ मुलूख, मक्याची शेतं, आणि मधून प्लॅट नदी. आपल्या वैनगंगेचा रुबाब हिला नाही. वाळूच्या पट्ट्यांमधून फाटे फुटत जाते, पाणी बहुतेक ठिकाणी जेमतेम पोटरीपर्यंत. पण याच उथळपणासाठी पाच लाखांवर सँडहिल क्रेन इथे उतरतात, आपल्या सारसाचे भाऊबंद. टेक्सास-मेक्सिकोकडून येतात, कॅनडा-अलास्काला जातात, काही तर थेट सायबेरियाला. मध्ये मार्चच्या सुमारास काही आठवडे इथे मुक्काम. दिवसा कापणीत सांडलेला मका आणि ओल्या कुरणातल्या गोगलगायी खाऊन अंगावर चरबी चढवायची, रात्री पाण्यात उभ्यानेच झोपायचं. कोयोट, म्हणजे इथला कोल्ह्यासारखा प्राणी, आला तर पाणी खळबळतं आणि सगळे सावध होतात.

गेल्या शनिवारी उजाडायच्या आधी आम्ही नदीकाठच्या लाकडी खोलीत जाऊन बसलो. भिंतीला भोकं, त्यातून बघायचं. बोलायचं नाही, फ्लॅश नाही, थंडीनं बोटं बधिर. आधी नुसता आवाज. यांची श्वासनलिका लांबलचक, छातीच्या हाडात वळसा घेऊन बसलेली, म्हणून हाक मैलभर जाते. मग फटफटलं आणि वाळूचा पट्टा वाटत होता तो हलायला लागला! एक जोडी अगदी जवळ होती. कपाळ लाल, अंग राखाडी, पण पाठीवर गंजासारखा तांबूस रंग. चोचीनं चिखल घेऊन स्वतःच चोपडतात म्हणे. बाबा, धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसली की तुम्ही सायकल थांबवायचात ना? हे उंचीला त्याहून बरेच कमी, पण एका नजरेत हजारो.

यांचाच दुर्मीळ भाऊबंद, पांढरा हूपिंग क्रेन, काही दिसला नाही. 1941 साली जगात वीस-बावीसच उरले होते, म्हणून लोक त्याच्यासाठी जीव टाकतात. मला त्याचं फारसं वाटलं नाही.

वाईट वाटलं ते नदीचं. वरच्या धरणांनी पाणी अडवलं, पूर कमी झाले, तशी वाळूवर झाडं माजली आणि पात्र आक्रसलं. क्रेनला तर चहूबाजूंनी मोकळं दिसायला हवं. आता दरवर्षी ट्रॅक्टर घालून झुडपं काढावी लागतात. पूर्वी हे काम पूरच फुकटात करायचा.

आई, तुझ्या गुडघ्यांचं मी विचारलंय. बसायला बाक आहेत, चालणं थोडंच. लोकरीचे मोजे आणि कानटोपी आण, बाकीचे गरम कपडे इथे आहेत. त्या खोलीतल्या जागा लवकर संपतात, तेव्हा दिवाळीच्या आत तारखा कळवा. आणि बाबा, पासपोर्टची मुदत तेवढी बघून ठेवा.

तुमची,
मनू